वातीला न चालणारा कापूस

दहिसर, ९ जानेवारी १९८३

ताई,

तुझं कार्ड मिळालं. गेल्या गणपतीनंतर तुझं अक्षर आज पाहिलं. तू फक्त स्वेटरच्या गळ्याचं विचारलं आहेस. मीही तेवढंच सांगते.

मास्तरांच्या बाळासाठी विणते आहेस तर गळ्याचे टाके सैल बंद कर. अंगाला वापरलीस त्यापेक्षा एक नंबर जाड सुई घे. बाळाचं डोकं अंगापेक्षा मोठं असतं, हे नव्याने विणणारी विसरते आणि मग स्वेटर डोक्यातून जात नाही. लोकरीचा गुंडा घट्ट करू नकोस, चार बोटांवरून गुंडाळ आणि बोटं काढून घे. नवा धागा ओळीच्या मधे जोडू नकोस, कडेला जोड. धुताना रिठ्याचं पाणी. पिळायचं नाही. चटईवर पसरून सावलीत वाळवायचं.

मी विणकाम करतेच, शिवाय आता वाती वळते. कापडी हत्ती करते, पोटात कापूस भरून. बोरिवलीला पद्मजाबाई म्हणून आहेत, त्या बायकांकडून असलं घरी केलेलं घेतात आणि विकतात. दर सोमवारी नेऊन द्यायचं. तुला तिथे करायचं असेल तर सांगते. सरकीसकट कापूस घे. सरकी काढ, कापूस बोटांनी विंचरून लांब कर. बोटांना थोडी राख लाव, म्हणजे वात घट्ट वळते. पुष्कळ जणी दूध लावतात, पण दुधाच्या वातीला मुंग्या येतात.

एकच त्रास. कापूस घरभर होतो. कपड्यांवरचा ओल्या हाताने खाली खाली ओढत काढायचा. झटकला तर उडतो आणि परत बसतो. केसांतला काढायला आधी खोबरेल लावायचं, मग बारीक फणी. पुरुषांच्या केसांत जास्त अडकतो, कानांच्या मागे बघायचं. मशीनच्या तेलाचा डाग असेल तर खडूची भुकटी चोळून ठेवायची, मग रॉकेलचा बोळा, मग साबण.

आमचं बरं आहे. रतन पहिलीत आहे. हे कांदिवलीला एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात जातात, संप मिटेपर्यंत. भाऊजींना सांग, त्यांनी सांगूनही आम्ही गावी आलो नाही, पण आमच्या घरातलं कोणी मिलच्या दारातही गेलेलं नाही.

सुली


दहिसर, ३० जानेवारी १९८३

ताई,

तुझ्या कार्डावर एकच ओळ. "वाती तू वळतेस, मग दशरथरावांच्या केसांत कापूस कसा, आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यात मशीनचं तेल कॉलरपर्यंत कसं येतं?"

असं कार्डावर लिहितेस? आमच्या चाळीत पोस्टमन सगळी कार्डं जानकीवहिनीकडे देऊन जातो, कारण तिची खोली जिन्याजवळ आहे. जानकीवहिनीला वाचता येतं. तिचा नवरा दत्ताराम संपाच्या कमिटीत आहे. तिने कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वनमालाचं हाय. बरी हाय ना?" वाचलं असेल का, ते तिच्या तोंडावरून मला कळलं नाही. मी तेव्हापासून तिचं तोंड बघते आहे. यापुढे पाकिटातून लिही.

हे पत्र एकटीने वाच. भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

हे मिलच्या आत जातात, कामाला. दिवाळीनंतर जायला लागले. पद्मजाबाईंचे यजमान मिलच्या ऑफिसात आहेत. त्यांच्या ओळखीने, मागच्या दाराने. यांना घरात बसवत नव्हतं. बसून बसून ते साच्यावर उभं राहून माग चालवावा तसा हात हलवायचे, एकटेच, आणि रतन त्यांच्याकडे बघत राहायची. घरातल्या बाकीच्या गोष्टी तुला सांगायला नकोत. संपात भाऊजी घरी बसले तेव्हा तुझ्याही घरात त्याच होत्या. पण तुम्हाला गावी जायला शेत होतं.

पहिल्या दिवशी घरी आले तर भुवयांमध्ये कापूस. वर्ष झालं संपाला. या चाळीत कोणाच्या भुवईत कापूस नाही. आमच्या रांगेत आठ घरं गिरणीची आहेत. त्यांना दुरून कळतं. मी दार लावून यांना मोरीत बसवलं आणि डोकं धुतलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून कापूस आणला आणि दारात बसून वाती वळायला लागले. सगळ्यांना दिसेल अशी. घरभर कापूस असला की यांच्या अंगावरचा त्यात जातो. म्हणून वाती. म्हणून हत्ती. यांचे शर्ट मी नळावर नेत नाही.

तुला वाटेल मी फार घाबरते. पलीकडच्या चाळीत नंदू म्हणून साचेवाला होता. तोही आत जायचा. दहिसर नाक्याजवळ त्याला गाठला. मारलं नाही फारसं. हात दगडावर ठेवायला लावले आणि ठेचले. त्याच्या बायकोला कोणीतरी हिरव्या बांगड्या आणून दिल्या, नवऱ्याला भर म्हणून. कोणी दिल्या ते सगळ्यांना माहीत आहे. ती बाई अजून त्यांच्याच नळावर पाणी भरते.

हत्तीचं कापड कापताना सोंड आडव्या धाग्यावर काप, म्हणजे ती वळते. तू विचारलं नव्हतंस, पण पत्र एवढंच कसं ठेवू.

सुली


दहिसर, २० फेब्रुवारी १९८३

ताई,

तू उत्तर दिलं नाहीस. भाऊजींना सांगितलंस की नाही हेही कळलं नाही. तरी लिहिते, कारण दुसरं कोणी नाही.

जानकीवहिनी वाती शिकायला आली. मी नको कसं म्हणू? तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या. आता दुपारी माझ्या खोलीत बायका बसतात, संपवाल्यांच्या. हसतात, नवऱ्यांच्या नकला करतात. जानकीवहिनी सगळ्यांत पुढे. म्हणते, "आमचा माणूस मिटिंगला जातो तर नवरदेवासारखा भांग पाडतो. पोलीस धरतील तेव्हा फोटो चांगला यायला हवा ना!" मीही हसते. माझ्या पाठीमागे खुंटीवर यांची पँट असते.

तुला माहीत आहे, जानकीवहिनी लग्नाआधी वाइंडिंगला, मिलच्या सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. परवा वळता वळता तिने पाटाखालून कापसाचा एक पुंजका उचलला. माझ्या टोपलीतला नव्हता. करडा होता, आखूड. तिने तो अंगठ्यावर घासला, मग नाकाशी नेला.

"हा वातीला चालायचा नाय," म्हणाली. "तेल लागलंय याला."

बाकीच्या दोघी वाती मोजत होत्या. तिने तो पुंजका स्टोव्हच्या जाळावर धरला आणि परत वळायला लागली. दत्तारामभाऊंना सांगितलं असेल तर त्यांनी अजून काही केलं नाही. सांगितलं नसेल तर का नाही, ते कळत नाही. मला दोन्हींची भीती वाटते.

आणि आता दुसरं. दोन आठवड्यांपूर्वी मागच्या दारावरही संपवाले उभे राहायला लागले. तेव्हापासून मिलवाले आतल्यांना बाहेर सोडत नाहीत. तिथेच जेवण, तिथेच झोप. हे घरी आलेले नाहीत. मी सोमवारी माल घेऊन पद्मजाबाईंकडे जाते. त्यांचे यजमान यांची चिठ्ठी आणतात. चिठ्ठीत "ठीक आहे" एवढंच असतं. अक्षर यांचंच. मी ती तिथेच फाडते. लोकांना मी लोकरीसाठी गेलेली दिसते.

चाळीत काय सांगायचं? मी सांगितलं, गावी गेलेत. घराची कौलं परतायला.

दत्तारामभाऊ जिन्यात उभे होते. म्हणाले, "फेब्रुवारीत कौलं? पाऊस लवकर येणार हाय काय यंदा गावाला?" सगळे हसले. मग ते खाली वाकून रतनला म्हणाले, "काय गो, बाबा कुठे गेला?"

"गावी. कौलं परतायला," रतन म्हणाली. कविता म्हणतात तसं, हात मागे घेऊन. मी तिला तसं शिकवलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले.

गावी म्हणजे तुमच्याकडे. आमचं घर बंद आहे, राहणार कुठे? म्हणून मी तुमचं नाव सांगितलं. तुला न विचारता सांगितलं.

सुली


दहिसर, १७ मार्च १९८३

ताई,

मी शिमगा विसरले.

आपल्यातली कोणी शिमगा विसरते का? मी विसरले. गावी गेलेत म्हणून सांगताना वाटलं, गाव लांब आहे, या दिवसांत कोण जातंय. पालखी लक्षातच आली नाही. गावात असलेला माणूस पालखीला खांदा देणार नाही असं होत नाही. खांदा दिला नाही तर सगळ्या वाडीला कळतं, आणि वाडीतून इथे कळायला एक एसटी पुरते.

जानकीवहिनी जाते आहे. यंदा तिच्या माहेरचा मान आहे. वरच्या वाडीतून पालखी उतरली की तुमच्याच दारात येते. चाळीतून ती एकटीच जाणार, बाकी कोणाची सोय नाही. दत्तारामभाऊ इथेच राहणार. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे बसली होती, ते दारात आले आणि माझ्यासमोर तिला म्हणाले, "दशरथला भेटून ये. पालखीला खांदा देताना बघ. नुसतं ऐकू नको, बघ. आणि आल्यावर मला सांग."

ती म्हणाली, "आता माझ्याकडे काय हेरगिरीचं काम दिलंत?"

"काम कसलं? विचारपूस," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, काही द्यायचं असेल त्याला तर हिच्याकडे द्या."

द्यायचं काय? नाही म्हटलं तर कळलं असतं. मी यांच्यासाठी हातमोजे विणते आहे म्हणून सांगितलं. मार्चमध्ये. ते तोंडातून गेलं आणि मग मला ते विणावे लागले. ते जानकीवहिनीकडे आहेत. ती तुझ्या दारात ते घेऊन येईल.

म्हणून हे लिहिते. ताई, भाऊजींना सांग. सगळं सांग, यांचं आत जाणंही सांग. मला माहीत आहे ते काय म्हणतील. म्हणू देत. यांच्याशी आयुष्यात बोलू नयेत. पण एवढं एकदाच करायला सांग. ती आली की म्हणावं, दशरथ काल इथे होता, आज चिपळूणला गेलाय, कौलं परतणारा माणूस बघायला. किंवा ताप आलाय, आत झोपलाय, कांजिण्यांसारखं काही असेल म्हणून कोणाला आत सोडत नाही. तुला सुचेल ते. मला इथे काही सुचत नाही. हाताला काम आहे तोवर बरं असतं. परवा मी पाठच्या बाजूचे टाके मोजत होते, ते संपून गेल्यावरही मोजत राहिले.

हातमोज्याचा अंगठा मी जरा मोठा केला आहे. यांचा अंगठा मोठा आहे. हातमोजे तुझ्याकडेच ठेव.

सुली


दहिसर, ९ एप्रिल १९८३

ताई,

जानकीवहिनी बुधवारी आली. तिच्या हातात प्रसादाचा नारळ होता. बाहेरच्या गॅलरीत सगळ्या जमल्या. दत्तारामभाऊ आतून आले. मी दारात उभी होते, कडीला हात लावून. आत जाऊन कडी घालता येईल का एवढाच विचार होता. रतन शाळेत होती.

त्यांनी विचारायच्या आधीच ती बोलली. "दशरथ भेटला. पालखीला खांदा दिलान त्याने. रोडावलाय. कौलं अर्धी झालीत." मग माझ्याकडे बघून, "हातमोजे बघून हसला. म्हणाला, बायको खुळी हाय माझी."

सगळ्या हसल्या. दत्तारामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बघितलास? डोळ्यांनी?"

"नाय, नाकाने," ती म्हणाली. "आता चहा करू देणार की इथेच उभं करून ठेवणार?"

मी आत आले आणि जमिनीवर बसले. मला वाटलं, भाऊजींनी केलं. तुम्ही कोणाला तरी यांच्या जागी उभं केलं, किंवा काही सांगितलं, आणि तिला ते पटलं. मी तुमच्या देवाला इथून हात जोडले.

काल तुझं पाकीट आलं. भाऊजी म्हणाले, पालखी दारात असताना खोटं बोलणार नाही. जानकीला त्यांनी तिथेच सांगितलं की दशरथ इथे आलेला नाही, आणि कुठे आहे ते तुम्ही मुंबईवाले बघा. तिने हातमोजे तुझ्या हातात दिले, पाया पडली आणि गेली. असं तू लिहिलं आहेस. भाऊजींवर माझा राग नाही. त्यांना सांग, राग नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. सगळं माहीत असून ती नवऱ्याच्या तोंडावर, गॅलरीत, सगळ्यांसमोर बोलली. का, ते मला कळेना. मी रात्रभर कारणं शोधली. एकही चांगलं सापडलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. या सोमवारी चिठ्ठी आली नाही. पद्मजाबाई दारातच उभ्या राहिल्या, आत घेतलं नाही. म्हणाल्या, शनिवारी मागच्या दारावर गडबड झाली. आतले काही जण बाहेर यायला बघत होते. दोघा-तिघांना दवाखान्यात नेलं. नावं यजमानांना कळली नाहीत. "पुढच्या सोमवारी या," म्हणाल्या. माल घेतला. फुलवाती जास्त हव्यात म्हणाल्या.

आज रतन शाळेत गेल्यावर जानकीवहिनी आली. दार लावून घेतलं. बसली नाही. म्हणाली, "तुला डागांचं सगळं येतं ना गो? रक्ताचा कशाने जातो?"

मी म्हटलं, थंड पाणी. मीठ. गरम पाणी लावायचं नाही, त्याने डाग बसतो.

तिने पदराखालून शर्ट काढला. दत्तारामभाऊंचा, निळ्या रेघांचा. बाहीवर आणि पोटावर डाग होता. वाळून काळा झालेला.

"कुणाचं आहे?" मी विचारलं.

"म्हाइत नाय. मी पालखीला होते. आल्यावर खाटेखाली मिळाला."

"भाऊंना विचारलंत?"

"विचारलं तर सांगेल तो," ती म्हणाली. "म्हणून नाय विचारलं."

तिने शर्ट माझ्या हातात दिला. मग ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाय बोलले मी बुधवारी. तू तसं समजू नको. तुझ्या माणसाने केलं ते वाईटच केलं. माझा भाऊ वर्ष झालं घरी बसलाय, त्याची पोरं दुसऱ्याच्या दारात जेवतात. पण आमच्या माणसाच्या हातून परत काय होऊ नये म्हणून बोलले."

परत, असं ती म्हणाली.

"मला नळावर नेता येत नाय," ती म्हणाली. "तुझ्या मोरीत धू. तुला सवय हाय."

मी धुतला, ताई. नाही म्हणता आलं नाही. उद्या तिने तोंड उघडलं तर हे कुठूनही वाचणार नाहीत. आणि नाही म्हटलं असतं तर तो शर्ट तिने दुसरीकडे कुठे नेला असता? मोरीत बादली भरली, दोन मुठी मीठ टाकलं आणि शर्ट बुडवून ठेवला. वाळलेल्या डागाला वेळ लागतो. घासायची घाई केली की तो धाग्यात जातो. आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो. तिने सवयीने टोपली ओढली आणि वाती वळायला लागली.

पाणी आधी तपकिरी झालं, मग लाल. मी शर्ट काढून साबण लावला, दुसऱ्या पाण्यात घातला. बाहीच्या शिवणीत राहतं, तिथे नखाने काढावं लागलं. माझ्या नखात गेलं. डाग गेला. तिने उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाली, "नवा केलास गो." ओलाच पदराखाली घेऊन गेली. जाताना म्हणाली, "पाणी ओतून टाक."

ती गेल्याला बराच वेळ झाला. मी दुसरी बादली ओतली. पहिली अजून मोरीत आहे. सोमवार परवा आहे. सोमवारी चिठ्ठी आली तर ते रक्त दुसऱ्या कोणाचं असेल. तेही कोणाचं तरी असेलच. पण आज मला माहीत नाही, आणि ते पाणी माझ्याने ओतवत नाही. दोनदा उचललं आणि खाली ठेवलं.

जिन्यात रतनचा आवाज येतो आहे. दत्तारामभाऊ तिला विचारताहेत, बाबाचं पत्र आलं का गो. ती त्यांना सांगते आहे, कौलं अर्धी झालीत.

सुली